कमरेचा दोर

आमचे युसूफ वडगाव हे केज तालुक्यातले गाव. पावसाचा भरवसा नाही, त्यामुळे सगळ्यांचा जीव विहिरीत. कोणाच्या विहिरीला किती पाणी, यावर घराची पत ठरे आणि पुष्कळदा सोयरीकही. १९७२ च्या दुष्काळात आमच्या विहिरीने तळ दाखवला, तेव्हा आजोबांनी ती आणखी दोन परस खोल नेण्याचे ठरवले. मी त्या वेळी आठ वर्षांचा होतो आणि काठावर बसून घमेली मोजणे हा माझा उद्योग होता.

एके सकाळी खाली उतरणारा गडी आजोबांना म्हणाला, “मालक, ह्या अंगाचा मुरूम ढिला झालाय. एक दोर द्या, कमरेला बांधतो.”

आजोबा हसून म्हणाले, “दोर बांधला की माणसाचं ध्यान वर राहतंय. मग खाली काम कोण करणार?”

काठावरचे सगळे हसले. तो गडीही हसला आणि तसाच उतरला. तिसऱ्या दिवशी त्याच अंगाचा मुरूम ढासळला. दोन तासांनी त्याला वर काढले. जीव वाचला, पण एक पाय कायमचा गेला.

आमचे आजोबा दुष्ट नव्हते. त्या माणसाच्या औषधपाण्याचा खर्च त्यांनी केला, वर्षभर त्याच्या घरी ज्वारी पोचवली. तरुणपणी ते स्वतः दोराशिवाय कितीतरी विहिरींत उतरले होते. म्हणूनच ते वाक्य त्यांच्या तोंडून इतक्या सहजपणे आले असावे. दुष्टाच्या तोंडचे वाक्य विसरता येते. भल्या माणसाच्या तोंडून आलेले असे वाक्य मात्र मनात रुतून बसते, आणि ते माझ्या मनात रुतून बसले आहे.

पुढे बऱ्याच वर्षांनी वैमानिकांच्या संरक्षक पोशाखाविषयी वाचण्याचा मला नाद लागला. त्या वाचनात आजोबांचे हे वाक्य मला पुन्हा भेटले, आणि तेही अशा माणसाच्या चरित्राच्या आडून, की ज्याचे आमच्या मुलखाशी जुने नाते आहे.

बार्शी लाईट आमच्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको. मांजरा ओलांडून कळंब गाठायचे, तिथून तडवळ्याला, म्हणजे कळंब रोड स्टेशनावर जायचे आणि त्या अडीच फुटी रुळांवरच्या गाडीत बसून बार्शीच्या बाजाराला निघायचे, हा आजोबांचा शिरस्ता होता. ही गाडी सुरू केली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियरने. १८९७ मध्ये ती कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धावू लागली, १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. हलके रूळ, हलके डबे आणि प्रत्येक आसावर सारखा, बेताचा भार, ही त्याची युक्ती. गरीब मुलखाला परवडेल अशी रेल्वे त्याने बांधली. आता तो मार्ग रुंद झाला आहे आणि ती छोटी गाडी राहिलेली नाही.

या कॅल्थ्रॉपचा स्नेही चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉइस या नावातला रोल्स, १९१० मध्ये विमान कोसळून मरण पावला. तेव्हापासून कॅल्थ्रॉपने एकच ध्यास घेतला : विमानातून उडी मारणाऱ्याला जिवंत जमिनीवर उतरवणारी हवाई छत्री तयार करायची. तिला त्याने ‘गार्डियन एंजल’, म्हणजे पाठराखा देवदूत, असे नाव दिले. वैमानिकाने अंगावर पट्टे चढवायचे, छत्री विमानाला जोडलेल्या डब्यात घडी घालून ठेवायची आणि उडी मारताच शरीराच्या भाराने ती डब्यातून ओढली जाऊन उघडायची, अशी तिची रचना. १३ जानेवारी १९१७ रोजी क्लाइव्ह कोलेट या वैमानिकाने ती बांधून सुमारे सहाशे फुटांवरून विमानाबाहेर उडी घेतली आणि तो सुखरूप उतरला. त्याच वर्षी ऑर्ड-लीज या अधिकाऱ्याने लंडनच्या टॉवर ब्रिजवरून नदीत उडी घेऊन इतक्या कमी उंचीवरही ती उघडते हे दाखवून दिले.

पहिले महायुद्ध तेव्हा ऐन भरात होते. लाकूड, कापड आणि पेट्रोल यांची ती विमाने पेटली की क्षणात होळी होई. तरीही ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना छत्री मिळाली नाही. निरीक्षण-फुग्यांत बसणाऱ्यांना छत्र्या होत्या. शत्रूच्या मुलखात हेर उतरवायलाही कॅल्थ्रॉपची छत्री वापरली गेली. पेटत्या विमानातल्या पोराला मात्र ती नव्हती.

याला कारणे होती आणि ती सगळीच खोटी नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. इंजिने दुबळी होती, छत्रीचे वजन त्यांना जाणवे, डबा अवजड होता आणि गिरक्या घेणाऱ्या विमानातून दोऱ्या गुंतण्याची भीती होती. पण त्या कारणांच्या मागे आणखी एक कारण उभे होते : छत्री जवळ असली तर वैमानिक लढाई अर्धवट सोडून उडी मारील. दोर बांधला की माणसाचे ध्यान वर राहते!

२२ जुलै १९१८ रोजी फ्रान्सच्या आकाशात एक ब्रिटिश विमान पेटत खाली आले. त्यात कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय होता. वय एकोणीस. त्या एकाच महिन्यात त्याने दहा हवाई विजय मिळवले होते. त्याच्याजवळ छत्री असती तर तो वाचला असता असे छातीठोकपणे कोण सांगणार? परंतु त्याच सुमारास जर्मन वैमानिकांना अंगावर बांधायची छत्री मिळू लागली होती. ती कैकदा दगा देई. तरी जूनअखेरीस एर्न्स्ट उडेट हा त्यांचा नामांकित वैमानिक तिच्यामुळे बचावला. वाचल्यावर तो घरी जाऊन बसला नाही. पुन्हा विमानात चढला आणि लढला.

मग प्रश्न असा की, सुटकेचे साधन माणसाला भित्रा करते काय?

आपल्या परंपरेत याचे उत्तर शोधावे असे मला वाटते. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरणे माहीत होते, बाहेर पडणे माहीत नव्हते. त्याच्या शौर्याचे गोडवे आपण पिढ्यान्‌पिढ्या गातो. पण बाहेरची वाट ठाऊक नसलेल्या पोराला आत पाठवणाऱ्या वडीलधाऱ्यांविषयी आपण फारसे बोलत नाही. आणि प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ मध्ये अफझलखानाला भेटायला निघालेल्या शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत चढवले होते, डोक्याला जिरेटोपाचे संरक्षण होते. त्यांना भित्रे म्हणण्याची कोणाची छाती आहे? चिलखत अंगावर होते म्हणूनच ते त्या शामियान्यात पाऊल टाकू शकले. मरणाची तयारी असणे वेगळे आणि मरणाची सोय करून ठेवणे वेगळे. पहिल्याला शौर्य म्हणतात. दुसरा बेफिकीरपणा आहे, आणि तो बहुधा पाठवणाऱ्याचा असतो.

ज्याने हे चिलखत घडवायचे त्याच्यापुढे तर याहून अवघड प्रश्न असतो. ते खरोखर जीव वाचवते हे कोणाच्या जिवावर पारखायचे?

दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेले वैमानिक तरंगण्याचे जाकीट अंगात असूनही बुडत, कारण बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्यात उलटे होई. जागा माणूस नकळत हातपाय हलवतो, तेव्हा त्याच्यावर जाकिटाची खरी परीक्षा होत नाही. एडगर पास्क नावाच्या इंग्रज भूलतज्ज्ञाने यावर उपाय काढला. त्याने स्वतःला भूल देऊन घेतली, श्वासनलिकेत नळी घालून घेतली आणि सहकाऱ्यांना सांगून आपला निपचित देह निरनिराळ्या जाकिटांत पाण्यात सोडायला लावला. एकदा नव्हे, अनेकदा.

त्याच युद्धात, त्याच प्रश्नाचे उत्तर हवे म्हणून, जर्मनीतील डाखाऊच्या छळछावणीत १९४२ आणि १९४३ मध्ये कैद्यांना वैमानिकाचे कपडे चढवून बर्फाळ पाण्यात बुडवून ठेवण्यात आले. त्यांच्यातले कितीतरी तिथेच मेले. युद्धानंतर न्यूरेम्बर्गला त्या डॉक्टरांवर खटला चालला, आणि १९४७ च्या निकालात पहिले तत्त्व सांगितले गेले ते हे, की ज्याच्या देहावर प्रयोग करायचा त्याची स्वेच्छेची संमती अत्यावश्यक आहे. दोन्हीकडे पाणी होते, जाकीट होते, नोंदवही होती. फरक एवढाच की एका ठिकाणी वही धरणारा स्वतः पाण्यात उतरला होता. या ‘एवढाच’ शब्दात सगळे नीतिशास्त्र मावते असे मला वाटते.

आज लढाऊ वैमानिक अंगावर काय काय वागवतो पाहा. आगीला सहज दाद न देणारा पोशाख. शिरस्त्राण आणि प्राणवायूचा मुखवटा. पोट आणि पाय यांभोवती हवेच्या पिशव्या असलेला पोशाख. विमान झपाट्याने वळते तेव्हा रक्त पायांकडे ओढले जाऊन डोळ्यांपुढे अंधारी येते, त्या क्षणी या पिशव्या फुगून रक्त वरच अडवतात. आणि संकटात खुर्चीसकट बाहेर फेकले जाण्याची व्यवस्था, जिच्या पट्ट्यांशी तो बांधलेला असतो. ४ जून २०२४ रोजी नाशिक जिल्ह्यात निफाडजवळ एक सुखोई विमान शेतात कोसळले. त्यातले दोघेही वैमानिक बाहेर फेकले जाऊन छत्रीने उतरले आणि वाचले. ती बातमी वाचताना मला कॅल्थ्रॉपची आठवण झाली. तो १९२७ मध्ये वारला.

पण आनंदाबरोबर एक शंकाही मनात आली. वैमानिकाला हे सारे देण्याचे समर्थन करताना नेहमी सांगितले जाते की विमान पुन्हा बांधता येते, तयार वैमानिक मात्र वर्षानुवर्षांच्या शिक्षणाने आणि अफाट खर्चाने घडतो. युक्तिवाद खरा आहे. पण तो मान्य केला की पुढचा प्रश्न टळत नाही. ज्याच्या शिक्षणावर कोणी छदाम खर्चलेला नाही, ज्याच्या जागी उद्या सकाळी दुसरा उभा राहतो, त्याच्या कमरेच्या दोराचे काय? आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बैलगाड्या आणि ट्रक भरून माणसे ऊस तोडायला जातात. कपाशीवर औषध फवारणारा नाकाला फार तर उपरणे गुंडाळतो. शहरात कोणी गटारात उतरतो. काठावर उभे राहून आपण म्हणतो, “त्यांना सवय असते.” सवय असते हे खरे. आमच्या गड्यालाही होती.

म्हणून संरक्षक पोशाख ही मला केवळ इंजिनियरांची बाब वाटत नाही. पाठवणारा जाणाऱ्याच्या जिवाची काय किंमत करतो, याची ती कापडात शिवलेली कबुली आहे. दोर द्यावा की न द्यावा हा निर्णय नेहमी काठावरचा माणूस घेतो, आणि दोराने माणूस भित्रा होतो हा शोधही काठावरच लागतो. खाली उतरणाऱ्याला तो कधी लागल्याचे मी ऐकलेले नाही.

त्या अपघातानंतर आजोबांनी जाडजूड दोर विकत आणला. गावात कुठेही विहिरीचे काम निघाले की तो खांद्यावर टाकून ते जात. कोणी मागो न मागो, उतरणाऱ्याच्या कमरेला स्वतः गाठ मारत आणि एकदा ओढून पाहत. त्या लंगड्या गड्यापुढे त्यांनी कधी मान वर केल्याचे मला आठवत नाही. तोही आमच्या ओसरीवर येऊन बसे, दोघे तंबाखू मळत, पण त्या दिवसाचा विषय निघत नसे. दसऱ्याला नांगर, विळे, कुऱ्हाडी यांची पूजा होई तेव्हा आजोबा त्यांच्या रांगेत तो दोरही ठेवीत आणि त्याला हळदकुंकू वाहत.

आता विहिरीवर मोटर आहे. दोर कुजला, पण टाकून द्यायला मन होत नाही, म्हणून खुंटीवर तसाच आहे. दिवाळीत दारात, गोठ्यात, उकिरड्यावर पणत्या लावून झाल्या की आमच्या घरी शेवटची पणती विहिरीच्या काठावर ठेवतात. ती ठेवायला यंदा मी माझ्या नातवाला नेणार आहे. तो वाकून आत पाहील, तेव्हा त्याचा हात मी घट्ट धरून ठेवीन, आणि त्याला ही गोष्ट सांगेन.