हृदयपरिवर्तनाची वाट

दोस्तहो, एक शब्द आपल्या कानावर सारखा आदळतो : हृदयपरिवर्तन. सवर्णांचं हृदय बदलेल, तोवर दम धरा. मी हा शब्द अक्षरशः घेऊन बघतो.

२ जानेवारी १९६८. केपटाऊनच्या ग्रूट शूर इस्पितळात डॉ. बर्नार्डनं फिलिप ब्लायबर्ग या गोऱ्या दंतवैद्याच्या छातीत क्लाइव्ह हॉप्टचं हृदय बसवलं. हॉप्ट चोवीस वर्षांचा, सरकारदप्तरी ‘कलर्ड’. ब्लायबर्ग त्या हृदयावर एकोणीस महिने जगला. जिथं हॉप्टला पाय ठेवायला बंदी, तिथं त्याचं काळीज राजरोस धडधडत गेलं! कायदा मात्र जागचा हलला नाही. सार्वजनिक जागा रंगानं वाटणारा कायदा रद्द झाला १९९० साली, तोही लोक लढले म्हणून.

ते म्हणतील, हा मांसाचा गोळा झाला. आम्ही मनाचं बोलतो. बरं. मन बदलल्याची नोंद कुठं होते? पाणवठ्यावर, कायद्यात, पगारातच ना?

आता वाट बघण्याचं. हृदयासाठी थांबलेला माणूस दुसऱ्याचं मरण मागतो काय? मला तसं वाटत नाही. मरण त्याच्या सांगण्यानं येत नाही. पण देणाऱ्याच्या घरच्यांना विचारलं पाहिजे. मे १९६८ मध्ये अमेरिकेत, व्हर्जिनियात, ब्रूस टकर या काळ्या कामगाराचं हृदय घरच्यांना न विचारता काढून गोऱ्याला बसवलं. बूट दुरुस्त करणारा त्याचा भाऊ कोर्टात गेला. १९७२ साली ज्यूरीनं कौल दिला डॉक्टरांच्या बाजूनं. न विचारता घेतलेलं ते दान नव्हे, ती वेठ!

म्हणून यंत्राचं हृदय मला विचार करायला लावतं. १९६९ साली ह्यूस्टनला डॉ. कूलीनं हॅस्केल कार्पला ते सुमारे ६४ तास दिलं, माणसाचं हृदय मिळेपर्यंत. १९८२ साली युटात बार्नी क्लार्क अशा हृदयावर ११२ दिवस जगला. या डॉक्टरांनी रोग्याला नुसतं ‘धीर धर’ म्हटलं नाही; थांबला तेवढा वेळ त्याचं रक्त फिरतं ठेवलं.

माझा हिशेब साधा आहे. ‘थांब’ म्हणणाऱ्यानं थांबण्यापुरतं जगणं आधी द्यावं, आणि रांगेचा नियम सगळ्यांना दाखवावा. दोन्ही नसेल तर ती वाट बघणं नव्हे, सावकाश मरणं आहे.

हक्क हे आपलं यंत्राचं हृदय. ते दुसऱ्याच्या दयेवर धडधडत नाही. पण क्लार्कचं यंत्र नळ्यांनी बाहेरच्या पंपाला जोडलेलं होतं. त्यावर रात्रंदिवस पहारा लागे. आपल्यालाही तो द्यावा लागेल. पाळ्या लावून घ्या.