तहान लागण्यापूर्वीं

आभाळ फाटलें तर ठिगळ कोठें कोठें लावणार, असें आपल्याकडे म्हणतात; आणि तहान लागल्यावर विहीर खणूं नये, असेंही म्हणतात. दोन्ही बोल एकाच घरांत, एकाच तोंडून ऐकूं येतात. पहिल्यांत माणसाची हतबलता आहे, दुसऱ्यांत त्याची जबाबदारी. दुष्काळाच्या बाबतींत ह्या दोहोंपैकीं कोणता बोल खरा मानावा, ह्याचा आज आम्ही आपल्या वाचकांबरोबर थोडा विचार करूं इच्छितों.

आपला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचा अहमदनगर जिल्हा बहुतेक सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहे. पश्चिमेस अकोले तालुक्याच्या डोंगरांत मुसळधार पाऊस पडतो. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड इकडे येईपर्यंत ढग रिते होतात. १८७६ व १८९९ चे दुष्काळ आपणांस ऐकून ठाऊक आहेत. १९७२ चा दुष्काळ आज हयात असलेल्या वृद्धांनीं स्वतः भोगला; खडी फोडून व सुकडी खाऊन त्यांनीं दिवस काढिले. २०१९ च्या उन्हाळ्यांतील टँकरपुढच्या घागरी व चारा छावण्यांतील जनावरें तर मुलांनींही पाहिलीं. पाऊस पाडणें माणसाच्या हातीं नाहीं, हें खरें. परंतु पडलेल्या पावसाचें पुढें काय व्हावें, हें पुष्कळसें माणसाच्याच हातीं आहे.

नगर तालुक्यांतील हिवरे बाजार हें गांव पाहा. तेथें वर्षास सुमारें ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. १९७२ नंतर गांवाची दैना झाली. लोक मजुरीसाठीं बाहेर गेले. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर गांवकऱ्यांनीं श्रमदान केलें, डोंगरावर सलग समतल चर खणिले, ओढ्यांवर बांध घातले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळिली. हिशेब सोपा आहे. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. ४०० मिलिमीटर म्हणजे ४० लाख लिटर. तें धांवत गेलें तर माती घेऊन जातें. अडलें तर जमिनींत मुरतें.

परंतु चर आणि बांध हें त्या गांवाचें सर्वांत मोठें काम नव्हे, असें आम्हांस वाटतें. बांध पुष्कळ गांवीं झाले, आणि तेथें पुन्हां टँकरही आले. मोठें काम हें कीं, त्या गांवानें शेतीसाठीं बोअर घेण्यास व ऊंस-केळी लावण्यास आपण होऊन मनाई केली. पावसाळा संपल्यावर ग्रामसभेंत पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा, पिण्यापुरतें पाणी आधीं राखावयाचें, आणि उरलेल्यावर कोणतीं पिकें घ्यावीं तें ठरवावयाचें, अशी रीत पाडिली.

येथेंच खरा नीतीचा प्रश्न उभा राहतो. ‘शेत माझें, पैसा माझा, बोअर किती खोल घ्यावा हें दुसऱ्यानें कां सांगावें?’ हें बोलणें वरवर रास्त दिसतें. पण बांध जमिनीवर असतो, जमिनीखालीं नसतो. पैसेवाल्याचा बोअर ५०० फूट खोल जातो, आणि शेजारच्या विधवेची ४० फुटांची विहीर माघांतच आटते. त्यानें कोणाचें कुलूप तोडिलें नाहीं. तरी तिचें पाणी गेलें. पुढें वैशाखांत तोच गृहस्थ तिला दोन हंडे पाणी देतो, आणि गांव त्यास धर्मात्मा म्हणतें. वाचकहो, जें आधीं घेतलें त्यांतलें थोडें परत करणें ह्यास दान म्हणावें काय?

संकटांत धांवून जाणें थोर आहे. त्यास आम्ही कमी लेखीत नाहीं. पण भुकेल्यास भाकर देणारा सर्वांस दिसतो, आणि भूक येऊंच न देणारा कोणास दिसत नाहीं. टळलेल्या संकटाचा कोणी सत्कार करीत नाहीं, म्हणून हें कर्तव्य नेहमीं मागें पडतें. योसेफानें मिसर देशांत धान्य सांठविलें तें सुकाळाच्या सात वर्षांत. दुष्काळांत हात सैल सोडण्याहून सुकाळांत हात आवरणें कठीण आहे.

ह्यांत एक धोकाही आहे, आणि तो आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. ज्यास वावभर शेत नाहीं व ज्याचा संसार चार शेळ्यांवर चालतो, त्याच्या पोटावर चराईबंदी प्रथम येते. मुरलेलें पाणी मात्र विहीरवाल्याच्या पिकास मिळतें. झीज एकानें सोसावी व फळ दुसऱ्यानें खावें, हा न्याय नव्हे. म्हणून कापलेल्या गवतांत त्याचा वांटा, चरांच्या कामांत त्यास आधीं मजुरी, आणि ग्रामसभेंत त्याच्या शब्दास मान, इतकें तरी ठरलेंच पाहिजे. १९७२ च्या अनुभवानंतर महाराष्ट्रानें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा केला, तो काम मागणें हा हक्क मानून. ती भीक नव्हे.

तेव्हां ज्या वर्षीं ओढे भरून वाहतील व दुष्काळाचें नांव कोणी काढणार नाहीं, त्याच वर्षीं ग्रामसभेंत उठून आपण विचारावें: हें पाणी किती आहे, कोणाकोणाचें आहे, आणि ज्येष्ठापर्यंत पुरेल काय? लोक कदाचित् हंसतील. तरी विचारावें, कारण विहीर खणण्याचा दिवस तोच होय.