पोत्यावरची अक्षरं

बस इथं. कोंबड्यांकडं नको, माझ्याकडं बघ. पिल्लं तीन आठवड्यांची, आणि त्यांच्यापुढं तू कसलं पोतं फोडलंयस? वर 'लेअर' लिहिलंय. म्हणजे अंड्यावर आलेल्या कोंबडीचं खाद्य. पहिलीत तुझा हात धरून मी अक्षरं गिरवून घेतली. दुकानातून हे पोतं गाडीवर टाकून दिंद्रुडला आणलंस, तेवढ्यात त्यातली चार अक्षरं वाचावीशी वाटली नाहीत तुला?

पिल्लं मेली की मानमोडी आली म्हणतोस. परवा तर नजर लागली म्हणालास. मानमोडीची लस दिलीस, ते बरंच केलंस. पण भांड्यात काय पडतंय ते कधी पाहणार? जावा बेटावर आइकमन नावाचा डच डॉक्टर होता. त्याच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले. जंतू शोधून तो थकला. मग कळलं की त्यांना लष्करी दवाखान्यातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नव्या आचाऱ्यानं तो भात द्यायचं नाकारलं, कोंडा न काढलेला तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या उठून चालायला लागल्या. त्या कामासाठी 1929 साली त्याला नोबेल मिळालं. आजार दाण्यात होता, आणि तो माणूस महिनोन्महिने तो रक्तात शोधत होता. तू तरी आधी दाणा बघ.

एका अंड्याच्या कवचाला दोनेक ग्रॅम कॅल्शियम लागतं. म्हणून लेअरच्या खाद्यात ते साडेतीन-चार टक्के घालतात. पिल्लाला एक टक्का पुष्कळ झाला. वरचं सगळं त्याच्या मूत्रपिंडांना बाहेर काढावं लागतं. ती सुजतात, आत खडूसारखा पांढरा थर बसतो, आणि पिल्लू पंख पाडून कोपरा धरतं. शिवाय वाढायला त्याला वीस टक्के प्रथिनं हवीत, ती या पोत्यात नाहीत. आठ आठवडे स्टार्टर, मग तलंगांना सोळा टक्क्यांचं ग्रोअर, आणि अंडी सुरू व्हायची वेळ आली की लेअर. पहिलीतल्या पोराच्या हातात मी दहावीचं पुस्तक देत नाही.

'आजी कुठं काय विकत आणायची?' असं म्हणालास. तुझ्या आजीच्या कोंबड्या मी पाहिल्यात. सकाळी खुराडं उघडलं की उकिरडा, गोठा, बांध सगळं त्यांचं. किडे, वाळवी, कोवळा पाला, खळ्यावरची सांडलेली ज्वारी हे सगळं त्या स्वतः निवडून खायच्या. आजीची मूठभर ज्वारी ही वरची होती. तू त्यांना जाळीत कोंडलंस. कोंडल्यावर निवडायचं काम तुझ्यावर आलं, आणि ते तू केलं नाहीस. माझा राग त्याचा आहे.

म्हशीची सरकी पेंड इथं कशाला? आपल्याकडं कापूस घरचा, पेंड हाताशी, हे मला कळतं. पण सरकीत गॉसिपॉल असतं. म्हैस ते बऱ्यापैकी पचवते, कोंबडीला ते बाधतं. ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो. गिऱ्हाईक अंडं फोडून तसंच परत आणून देईल, तेव्हा काय सांगशील? आणि घरचं सोयाबीन कच्चंच भरडून घातलंस. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, नीट भाजल्याशिवाय तो जात नाही. पेंड घालायचीच तर तेल काढलेली, तापवलेली सोयापेंड घे.

तो मका आण इकडं. वास घे. हिरवी बुरशी दिसते ना? पावसाळ्यात पोतं भिंतीला टेकवून ओल्या फरशीवर ठेवलंस. उन्हात घालतो म्हणू नकोस. उन्हानं ओल जाईल, पण बुरशीनं एकदा सोडलेलं विष ऊन देऊन किंवा उकळून नीट जात नाही. 1960 साली इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या अशाच पेंडीनं एक लाखाहून जास्त टर्की मेल्या, तेव्हा जगाला अफ्लाटॉक्सिन कळलं. ते यकृत पोखरतं. हा मका चांगल्यात मिसळायचा नाही, म्हशीला घालायचा नाही. दुधात उतरतं ते. पुरून टाक.

स्वस्त पडलं म्हणतोस. अंड्यावरची कोंबडी दिवसाला 110 ते 120 ग्रॅम खाते. तुझ्या शंभर कोंबड्या म्हणजे रोज अकरा-बारा किलो. हिशोब पोत्याच्या भावाचा करू नकोस. किती किलोला किती अंडी आली, हे वहीत लिही. वही आहे का? नाही. बारा वर्षं मी वहीसाठीच ओरडलो तुझ्यावर.

रडू नकोस आता. उरलेली पिल्लं जगतील, जगवायचीत. हे पोतं शिवून मोठ्या कोंबड्यांकडं ठेव. खाली लाकडी फळ्या टाक, भिंतीपासून हातभर सोड. भांड्यातलं पाणी बदल, उन्हानं ते कोमट झालंय. आणि जा, दुकान बंद व्हायच्या आत स्टार्टर घेऊन ये. पैसे द्यायच्या आधी पोत्यावरची तारीख, प्रथिनं, कॅल्शियम मोठ्यानं वाच. दुकानदार हसला तर हसू दे. संध्याकाळी मी येतो, तेव्हा तेच मला वाचून दाखव.