लाल केबलचे प्रामाण्य

मोटारीच्या बॅटरीवर शिशाचे दोन खुंट असतात. एक अधिक, एक उणे. एकाला लाल केबल, दुसऱ्याला काळी. यांतला अधिक कोणता, हा प्रश्न वरवर गॅरेजातला वाटतो, पण तो प्रमाणशास्त्रातला जुना वाद आहे: झालेले ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरवायचे? मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते. त्याला बाध येईपर्यंत ते खरेच धरावे. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते प्रामाण्य बाहेरून कळते, त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफल झाली की कळते. दूरवर पाणी दिसले, जवळ जाऊन तहान भागली, तर ते पाणी, एरवी मृगजळ. बॅटरीपुढे उभे राहिले की दोन्ही उत्तरे जशीच्या तशी घेणे धोक्याचे वाटते. लाल केबल पाहून झालेले ज्ञान बाध येईपर्यंत खरे धरावे, तर इथे बाध ठिणगीच्या रूपाने येतो. बॅटरी उलटी जोडली गेली की फ्यूज उडतो, अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात. आणि फळावरून पारख करावी, तर फळही तेच. मृगजळामागे गेलेला माणूस निदान तहानलेला का होईना, परत फिरू शकतो.

लाल रंगात स्वभावतः ‘अधिक’ असे काही नाही. शब्द आणि अर्थ यांचे नाते संकेताने जुळते असे नैयायिक मानतात, आणि विजेच्या बाबतीत त्याला इतिहासाचाच आधार आहे. अधिक-उणे ही नावे अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने रूढ केली. पुढे १८९७ साली जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला आणि मग उमगले की तारेतले कण उण्याकडून अधिकाकडे वाहतात. तरी नावे तशीच राहिली, कारण सगळे पाळतात तोवर संकेत चालतो. प्रश्न पाळण्याचाच आहे. तुटलेल्या लाल केबलच्या जागी कोणी हाताशी असलेली काळी बसवतो. तेल आणि धूळ बसून दोन्ही एकाच रंगाच्या होतात. शिवाय रंग ही केबलची खूण आहे, बॅटरीची नव्हे. त्याहून भरवशाचे म्हणजे कवचावर उठवलेली + आणि − ही चिन्हे, आणि खुंटाची जाडी. अधिकचा खुंट मुद्दाम जाड घडवतात: युरोपीय मापात सुमारे १९.५ मिलिमीटर, तर उण्याचा १७.९. हाही संकेतच, पण धातूत उतरवलेला. आत मात्र भेद खराच आहे. भारलेल्या बॅटरीत एका पट्टीवर तपकिरी लेड डायऑक्साइड असते, दुसरीवर करडे, सच्छिद्र शिसे. तो भेद कुणाच्या संमतीवर अवलंबून नाही.

यावर मीमांसकाचा आक्षेप जोरकस आहे. रंगाला चिन्हाने तपासायचे, चिन्हाला जाडीने, मग जाडीला कशाने? ही अनवस्था झाली. असा माणूस कधीच काम सुरू करणार नाही. मला वाटते, याचे उत्तर मल्टिमीटरमध्ये आहे. लाल टोक एका खुंटाला, काळे दुसऱ्याला लावले; १२.६ च्या आसपास आकडा आला तर लाल टोक अधिकवर आहे. टोके उलटी लागली तर डिजिटल मीटर आकड्याआधी उणे दाखवतो, बिघडत काहीच नाही. म्हणजे नैयायिकांची कृतीची कसोटी टाकून द्यायची गरज नाही. जिथे चूक महाग आहे, तिथे आधी अशी कृती शोधायची की जिच्यात चूक स्वस्त पडते. तिथे अनवस्था थांबते, कारण शंका घेण्याचे प्रयोजनच संपलेले असते. न्यायदर्शनाने संशयाला सोळा पदार्थांत स्थान दिले ते उगाच नव्हे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: बारा व्होल्टने काय होते? कोरड्या कातडीला सहसा काही होत नाही. पण दोन खुंटांवर पान्हा आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात. बोटातली अंगठी त्या वाटेत आली तर क्षणात तापून बोट भाजते. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. म्हणून अंगठी-घड्याळ काढून, चष्मा लावून, आधी उण्याची केबल सोडवतात आणि जोडताना ती शेवटी जोडतात. गाडीची बॉडी उण्याला जोडलेली असते. ती केबल सुटली की अधिकवरचा पान्हा घसरून बॉडीला टेकला तरी मंडल पूर्ण होत नाही. हात घसरेल हे इथे आधीच गृहीत धरले आहे, हे मला या रीतीचे मोठेपण वाटते. तरीही ‘आधी उणे’ एवढे शब्द पाठ असून भागत नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक ब्रिटिश मोटारींत बॉडीला अधिकचा खुंट जोडलेला असे. तशी जुनी गाडी समोर आली तर आधी अधिकची केबल सोडवावी लागते, आणि त्यासाठी वाकून पाहावे लागते की बॉडीकडे कोणती केबल गेली आहे.