भट्टीतील काळी टिकडी

मातीभांड्यांच्या जातकुळीतले भाजलेले पदार्थ विद्युत्प्रवाहाला अटकाव करतात, ही समजूत इतकी दृढ होती की, त्यांच्यातच अतिवाहकता, म्हणजे विद्युत्‌रोध पार नाहीसा होणे, शोधू पाहणे पुष्कळांना वेळेचा अपव्यय वाटावे. रसायनशास्त्राकडून स्फटिकशास्त्राकडे वळलेले जर्मन विद्यार्थी गेओर्ग बेडनॉर्ट्झ १९७२ च्या उन्हाळ्यात झुरिकजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत उमेदवारीसाठी रुजू झाले, तेव्हा त्यांना स्वतंत्रपणे काम करण्याची आणि चुकांतून शिकण्याची मुभा मिळाली. नवशिक्याला याहून मोठी इनामदारी कोणती असणार, असे मला मनापासून वाटते.

पुढे १९८३ पासून ज्येष्ठ सहकारी अलेक्स म्युलर यांच्यासमवेत ते अतिवाहकतेच्या शोधात ऑक्साइडांमागून ऑक्साइडे तपासत राहिले, आणि दीर्घकाळ हाती काहीच लागले नाही. त्या निष्फळ काळाची नोंद पारितोषिकांच्या दप्तरी फारशी होत नाही. परंतु संशोधकाची खरी घडण तिथेच होते. अखेर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांचा एक निबंध वाचनात आला, आणि त्यावरून बेडनॉर्ट्झ यांनी लॅन्थेनम, बेरियम व तांबे यांच्या क्षारांच्या द्रावणांतून साका काढून, तो तापवून, दाबून त्याच्या टिकड्या केल्या व त्या सुमारे ९०० अंशांवर पुन्हा भाजल्या.

जानेवारी १९८६ मध्ये त्यांतल्या एका नमुन्याचा विद्युत्‌रोध, निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे ३५ अंशांवर, झपाट्याने कोसळू लागला. अतिवाहकतेच्या तापमानाचा तोवरचा उच्चांक, एका नायोबियम संयुगाचा, २३ अंशांचा होता.