नियमात बसले म्हणून

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये फलंदाजाची सरासरी धावांवरून काढीत नाहीत. जितक्या फटक्यांवर तो सुखरूप बेसवर पोहोचला, त्यांना त्याच्या पाळ्यांनी भागावयाचे. चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट बेस मिळाला, तर ती पाळी धरीतच नाहीत. दहांत तीन फटके साधले की ०.३००, सात वेळा हुकूनही तो उत्तम खेळाडू ठरतो!

१९४१ साली बोस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सचे ४४८ पाळ्यांत १७९ फटके झाले होते. भागाकार ०.३९९५५, तीन स्थळांपर्यंत लिहिला की दुर्मिळ असा ०.४००. २८ सप्टेंबरला, अखेरच्या दिवशी, फिलाडेल्फियात दोन सामने उरले होते. व्यवस्थापक जो क्रोनिन यांनी त्याला बाहेर बसण्याची मुभा दिली.

वाचकहो, तो बसला असता तर ते खोटे ठरले असते काय? नाही. नियम सर्वांना सारखाच होता. पण नियमात बसते तेवढ्याने ते आपण कमावले, असे होते काय? मला तसे वाटत नाही. मात्र येथेच थांबणारी पुष्कळ माणसे प्रामाणिक असतात, हेही खरे.

विल्यम्स दोन्ही सामने खेळला. आठ पाळ्यांत सहा फटके, सरासरी ०.४०६. तीनच साधले असते तर ०.३९९ झाली असती. मैदानात उतरताना यातले काहीच त्याला ठाऊक नव्हते.