सोडून येता येईल अशी गाडी

सह्याद्रीच्या आडवाटांवर मोटारसायकल घालणाऱ्यांपुढे एक पेच कायमचा असतो : जुनी घ्यावी की नवी? एका बाजूला हीरोची इम्पल्स आहे. २०११ साली आलेली, दीडशे सीसीची, कार्ब्युरेटरवर चालणारी, १३४ किलोची. काही वर्षांतच ती बंद झाली, त्यामुळे आता मिळेल ती वापरलेलीच. दुसऱ्या बाजूला त्याच घरातली २०२५ची एक्सपल्स २१०. तिला फ्युएल इंजेक्शन, रेडिएटर, एबीएस, आणि वजन १७० किलोच्या घरात. पुढचं बोलणं आहे वेल्ह्याकडच्या कच्च्या वाटांवर जाऊ पाहणारी भाची आणि उभं आयुष्य गॅरेजात काढलेला तिचा मामा यांचं. जुन्या गाडीचा हट्ट इथे भाचीचा आहे.

भाची : मामा, मी इम्पल्सच घेणार. दरीत बंद पडली तर उघडून बघता तरी येईल. नवीत बघायचं काय? सगळं डब्यात बंद.

मामा : बरं, उघडलीस. पुढे?

भाची : कार्ब्युरेटरमध्ये कचरा असणार. खालची वाटी सोडवायची, पायलट जेट काढायचा, वायरीतली तांब्याची एक तार त्याच्या भोकातून फिरवायची.

मामा : तांब्याचीच का?

भाची : मऊ असते म्हणून. पोलादी तारेनं भोक मोठं होतं, मग मिश्रण कधीच जागेवर येत नाही.

मामा : शाबास. आता त्या वाटीचं रबर फुगलंय आणि परत खाचेत बसत नाही. पंपावर हल्ली वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांचं रबर त्या हिशेबानं केलेलं नाही. नवं घ्यायला तालुक्याला गेलीस, तर दुकानदार आधी विचारील, ही गाडी कुठली?

भाची : दुसरं एखादं जुळवून बसवू.

मामा : बसवू म्हणजे कोण बसवणार? मीच ना? माझ्याकडे ओ-रिंगांनी भरलेला डबा आहे आणि कुठली कशाला चालते ते पाठ आहे. तू गाडीला साधी म्हणतेस, त्यातला निम्मा साधेपणा माझ्या डोक्यात आहे.

भाची : म्हणजे गाडीत तो नसतोच?

मामा : थोडा असतो. बाकीचा आजूबाजूला असतो. नाक्यावरचा मेकॅनिक, पार्ट ठेवणारा दुकानदार, कुठल्याही गावात कार्ब्युरेटर उघडणारे दोन हात. २०२०च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. आज गॅरेजात शिकायला आलेला पोरगा तो उघडणार कधी? आणखी दहा वर्षांनी तुझी इम्पल्सच डब्यात बंद झालेली असेल.

भाची : आणि नवी उघडी होईल?

मामा : हळूहळू होतेय. समज, नवी गाडी वाटेत आडवी झाली. उचललीस, बटण दाबलंस, इंजिन लागत नाही. काय झालं असेल?

भाची : प्लग भिजला?

मामा : काहीही झालेलं नाही. गाडी कलंडली हे ओळखणारा सेन्सर असतो, त्यानं इंजिन बंद केलंय. चावी बंद करायची, परत चालू करायची, की लागली. ज्याला हे ठाऊक नाही तो टेम्पो मागवतो आणि इलेक्ट्रॉनिक्सला शिव्या घालतो.

भाची : पण मामा, ही दोन्ही माहिती एका जातीची नाही. जेट का तुंबला ते मला डोळ्यांनी दिसतं. सेन्सरचं मी नुसतं ऐकून ठेवते. चावी बंद-चालू करणं हा मंत्र झाला. मंत्र चालला नाही की हात जोडून उभं राहायचं.

मामा : हे मात्र खरं. इंधनाचा पंप टाकीतच बुडालेला असतो. तो गेला तर दरीत त्याला औषध नाही. बॅटरी पार उतरली तर ढकलूनही भागत नाही, कारण त्या पंपालाच करंट लागतो.

भाची : आणि लक्ष देण्याचं काय? जुनी गाडी बोलते. चढावर दम लागला की तिचा आवाज फिरतो. नवी सगळं परस्पर सांभाळून घेते, मग चालवणारा ऐकायचंच सोडतो.

मामा : लडाखात पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर येतो. कार्ब्युरेटरला त्याचा पत्ता नसतो, तो पेट्रोल ओततच राहतो. गाडी गुदमरते, काळा धूर ओकते. ते तुला छान ऐकू येईल, पण जेट बदलल्याशिवाय करणार काय? इंजेक्शनची गाडी आपलं आपण पेट्रोल आवरते.

भाची : मला लडाखला जायचंच नाही. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटर.

मामा : बरं, तो तिथला गुण सोडू. इथलं बघ. शेवाळलेला कातळ, घसरता मुरूम, फुगलेला ओढा. नवीचं पुढचं सस्पेन्शन २१० मिलिमीटर खाली-वर होतं. दगडांच्या उतरणीवर दिवसभर बसणारे हादरे तुझ्या मनगटांऐवजी ते घेतं. संध्याकाळी थकलेला हातच चुका करतो.

भाची : आणि चिखलात पडली की पस्तीसेक किलो जास्तीचे मी उचलायचे. तेव्हा नाही हात थकत? वर रेडिएटरच्या जाळीत चिखल बसला की पहिल्या गिअरात ती तापणार.

मामा : तापेल. वजनाला माझ्याकडे उत्तर नाही. पण मला धास्ती वेगळीच आहे.

भाची : कसली?

मामा : नवीचा पंप बसला की दहा मिनिटांत कळतं, आता आपल्या हातात काही नाही. माणूस गाडीला कुलूप लावतो आणि उजेड आहे तोवर चालायला लागतो. जुनी तसं करू देत नाही. ती आशा लावते. प्लग पुसून बघू, वाटी परत उघडू, मघाशी एकदा लागली होती ना! ऊन उतरतं, धुकं भरून येतं, आणि हा दगडावर फडकं पसरून स्क्रू मांडत बसलेला. इवलासा जेट एकदा गवतात पडला, की मग रात्र तिथेच.

भाची : म्हणजे जे दुरुस्त होऊ शकतं, तेच माणसाला धरून ठेवतं?

मामा : धरून ठेवू शकतं. ‘आपल्याला येतंय’ हा भरवसा भल्याभल्यांना उठू देत नाही.

भाची : पुरतं पटत नाही. हात न लावता सोडून द्यायचीही सवय लागते. आज गाडी सोडली, उद्या चढ बघूनच मागे फिरलं. त्याला शहाणपण म्हणशील?

मामा : नाही म्हणणार. ती भीतीच, फक्त इस्त्री केलेली.

भाची : मग थांबायचं कधी, हे गाडीवर सोपवायचंच नाही. घरून निघतानाच ठरवायचं. दुपारी तीनपर्यंत स्पॅनर. त्यानंतर गाडी कुठलीही असो, उठायचं आणि गावाची वाट धरायची.

मामा : ठरवलंस? मग आता निवड.

भाची : इम्पल्स. तिचं वजन मला झेपतं आणि मला जायचंय त्या वाटांना तेवढी ताकद पुरते. पण यापुढे कार्ब्युरेटर मी उघडणार, तू नुसतं बघायचं. ओ-रिंगांचा डबा मला हवा. कुठली कशाला चालते तेही सांग, मी वहीत उतरवून घेते. तुझ्या डोक्यातला साधेपणा माझ्याकडे आला नाही, तर मी घेतलेली गाडी साधी नाहीच.

मामा : डबा ने. वहीला दोन रविवार लागतील. पण तीन वाजताचं तेवढं सोपं समजू नकोस. तीन वाजतील तेव्हा जेट तुझ्या हातात असेल, आणि फक्त एक फुंकर मारायची राहिली असेल.